माघारी नेणारी मंदाकाकी

पोलीस ठाण्यात आणलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारतात तो नाव काय. मंदाकाकीचा पहिला प्रश्न 'जेवलास का' हा असायचा, आणि तो ती ठाण्यात नव्हे, त्या माणसाच्या दारातच विचारायची. उत्तर नाही असं आलं की ती त्याच्या ओसरीवर बैठक मारायची. "खाऊन घे. तितं तुज्यासाटी पंगत मांडून न्हाई ठिवली कुनी." त्याचं खाणं होईपर्यंत घरातल्या बाईशी कोंबड्यांच्या, भाताच्या रोपांच्या गप्पा. मग दोघं निघायची. पुढे चोर आणि मागे पोलीस पाटील असं कधी दिसायचं नाही. शेजारी शेजारी चालत यायची. बघणाऱ्याला वाटावं, काकू-पुतण्या बाजाराला निघालेत.

मी लोणावळ्याच्या बाजूच्या एका ठाण्यात हवालदार होते. कुठल्या, ते सांगत नाही. सांगून कुणाचं भलं होणार नाही, आणि निवृत्त झालेल्या बाईला कुणी नवीन शत्रू कशाला हवेत. आमच्या हद्दीत डोंगराच्या पोटाला सावरवाडी नावाचं गाव आहे, मंदाकाकी तिथली पोलीस पाटील. पोलीस पाटलाला गणवेश नसतो, काठी नसते, पगार म्हणावा असा पगार नसतो. गावात कोण नवीन आलं, कुणाचं भांडण कुठवर गेलं, चोरीत कुणाचा हात असेल, हे त्याने ठाण्याला कळवायचं. थोडक्यात, सगळं गाव ज्याच्याकडे जरा बिचकून बघतं असं हे काम. काकीचा नवरा आधी पोलीस पाटील होता. तो गेल्यावर काकीने तरण्या पोरांच्या रांगेत बसून परीक्षा दिली. तोंडी परीक्षेत साहेबांनी विचारलं, "गावात भांडण लागलं तर आधी काय कराल?" काकी म्हणाली, "आदी बगंन, दोगांतलं उपाशी कोन हाय. उपाशी मानूस लय भांडतं." साहेब हसले आणि काकी पोलीस पाटील झाली. हे तिने मला स्वतः सांगितलं, त्यामुळे थोडं वाढवून सांगितलेलं असणार.

दिसायला ती अगदी कुणीही होती. ठेंगणी, सावळी, साडीचा पदर कमरेला खोचलेला, खांद्याला नायलॉनची पिशवी. छत्री मात्र बारा महिने हातात. आमच्याकडे पावसाळ्यात छत्रीचं कुणाला नवल नाही, पण काकी ऐन उन्हाळ्यातही ती काठीसारखी टेकत यायची. पोलिसांच्या गाडीत ती कधी बसली नाही. "गाडीतनं नेलं की मानूस चोर दिसतो. पायी नेलं की मानूस दिसतो," असं तिचं म्हणणं.

ठाण्यात आणून सोडलं की बाकीचे पाटील निघून जायचे. काकी जायची नाही. व्हरांड्यातल्या बाकावर बसायची, पिशवीतून लसणाचे गड्डे काढायची आणि पदरात घेऊन सोलत बसायची. आमचं ठाणं एरवी फिनेल आणि ओल्या बुटांच्या वासाचं. काकी आली की लसणाचा वास सुटायचा. कागदपत्रं होईपर्यंत, चौकशी संपेपर्यंत, कधी कधी दिवस मावळेपर्यंत ती बसून असायची. "काकी, तुमचं काम झालं, जा आता," असं सांगायला येणारा प्रत्येक नवा शिपाई एकच उत्तर ऐकायचा. "मी आनल्यालं मानूस मीच माघारी नेनार."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला होता. ही बाई आमच्यावर पहारा करायला बसते की काय? नंतर कळलं, होय, पहाराच होता तो. काकीचं माणूस आत असलं की आतले आवाज जरा खालच्या पट्टीत निघायचे. आणि ज्याला अटकच झाली, तो सुटेल त्या दिवशी ती वडगावच्या कोर्टाच्या आवारात नाहीतर तुरुंगाच्या दाराशी हजर असायची. चार महिन्यांनी असो, वर्षाने असो. चहा पाजायची आणि घरापर्यंत सोडून यायची. गावानं ते बघायला हवं, एवढ्यासाठी.

तिचा दुसरा नियम नावाबद्दलचा होता. आम्ही सराईत गुन्हेगारांचे फोटो, कॅमेऱ्याच्या चित्रफिती हद्दीतल्या सगळ्या पाटलांना मोबाइलवर पाठवायचो. खाली लिहायचो, ओळखता का. त्यावर धडाधड उत्तरं यायची. अमक्यासारखा वाटतो, तमक्याचा भाऊ असावा. काकीचं उत्तर सहसा यायचंच नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "वाटतंय म्हनून नाव घ्यायचं नसतं बाई. दिसलं तर घ्यायचं." पण तिचं उत्तर आलं की साहेब गाडी काढायला सांगायचे.

एका लग्नसराईत मंगल कार्यालयांमधून दागिन्यांच्या पर्सा जायला लागल्या. वडगाव, तळेगाव, कामशेत, सगळीकडे तीच तऱ्हा. कॅमेऱ्यात प्रत्येक वेळी एक भारी साडीतली बाई पाठमोरी दिसायची आणि गर्दीत विरघळायची. एके दिवशी भर दुपारी काकीचा मला फोन. भावकीतल्या लग्नाला ती वडगावला गेली होती. "बाई, अक्षता पडायच्या आत या. ती हितं हाय." आम्ही पोचलो तर काकी एका ठसठशीत बाईचा हात हातात घेऊन बसलेली, दोघींच्या ताटल्यांत जिलेबी. बाईच्या पर्समध्ये दुसऱ्या कुणाची पर्स निघाली. मी काकीला बाजूला घेऊन विचारलं, ओळखलंत कसं?

"मला म्हनली, मी नवरीची मावशी. मी म्हनलं, मानाची साडी कसली दिली तुमाला? तर म्हनली, लय छान दिली." काकीने माझ्याकडे दयेने पाहिलं. "सख्खी मावशी लग्नाच्या दिवशी साडीला छान म्हनंल व्हय?"

ही गोष्ट आम्ही ठाण्यात वर्षभर सांगत होतो. तिचा पुढचा भाग कुणी सांगत नसे. ती बाई जामिनावर सुटली तेव्हा न्यायला काळं कुत्रं आलं नव्हतं. काकी मात्र कोर्टाच्या आवारात उभी होती. "हिचं गावच ठावं न्हाई, माघारी कुटं नेनार," म्हणत तिला स्टेशनावर नेलं आणि गाडीत बसवून दिलं. जाताना त्या बाईने काकीला वाकून नमस्कार केला. काकीने घरी येऊन आधी आपल्या गळ्यातली पोत चाचपली, हेही तिनेच मला हसत हसत सांगितलं.

दत्ताची गोष्ट सांगताना मात्र ती कधी हसली नाही.

दत्ता काकीच्या शेजारच्या घरातला. त्याची आई लहानपणीच गेलेली. बापाने डोंगराच्या कडेची जमीन बंगलेवाल्यांना विकली आणि काही वर्षांत तोही गेला. मागे राहिला हा पोरगा आणि समोर आपल्याच शेतात उभे राहिलेले बंगले. शनिवार-रविवारी तिथे गाण्यांचा धिंगाणा, सोमवार ते शुक्रवार चिडीचूप. त्या चिडीचूप दिवसांत बंगल्यांमधून पितळी नळ जायला लागले. नुसते नळ. टीव्ही, भांडी, काहीही हललेलं नसे.

काकी पंचनाम्याला आली होती. मीही होते. बाकी सगळे न्हाणीघरातली नळांची भोकं मोजत होते आणि काकी बाहेर फाटकापाशी उभी. कुलूप तोडलेलं होतं, पण चोराने जाताना फाटक ओढून घेऊन तारेने बांधलेलं होतं. आमच्या शिपायाने ती तार काढून बाजूला टाकलेली. काकीने ती उचलली आणि बराच वेळ हातात धरून उभी राहिली.

परत येताना मला म्हणाली, "चोरी करून जाताना फाटक कोन बांदतं, बाई? ज्याच्या घरी गुरं असत्यात तो. उगडं ऱ्हायलं तर गुरं बागंत शिरत्यात." थोडं चालून पुढे म्हणाली, "आन् तारंचं टोक आत मुडपल्यालं हाय. वासराच्या डोळ्याला लागू नये म्हनून. असं ह्या गावात एकच मानूस मुडपायचा. दत्ताचा बाप."

दुसऱ्या दिवशी ती दत्ताला घेऊन आली. जेवू घालून, चालत. त्याने सगळं कबूल केलं. नळ लोणावळ्याच्या एका भंगारवाल्याकडे सापडले. असे लहानसहान प्रकार त्याने आधीही केले होते ते निघाले, आणि दत्ता सराईतांच्या रांगेत जाऊन बसला. काकी बाकावर लसूण सोलत बसली होती. तिचे डोळे वाहत होते आणि ती पुन्हा पुन्हा लसणाला नावं ठेवत होती. लसणानं डोळ्यांतून पाणी येत नाही, हे मी तिला सांगितलं नाही.

दत्ता शिक्षा भोगून सुटला तेव्हा ठरल्याप्रमाणे काकी तुरुंगाच्या दाराशी. त्याला घेऊन ती गावात शिरली ती भर बाजाराच्या दिवशी, सगळ्या पारासमोरून. त्याच्या घरी चूल पेटेपर्यंत आपल्या घरी जेवू घातलं. मग स्वतः जाऊन एका बंगलेवाल्याला भेटली. "ह्यानंच तुमचं नळ नेलतं. आता हाच राखन करंल. ह्याच्यापरीस जास्त म्हायती कुनाला हाय?" बंगलेवाला गमत्या माणूस असावा, त्याने दत्ताला ठेवून घेतलं. दत्ता बाग बघायचा, पाण्याची टाकी भरायचा, शनिवारी आलेल्या लोकांना पिठलं-भाकरी करून घालायचा. कित्येक वर्षं एक नळ इकडचा तिकडे झाला नाही. काकी ठाण्यात आली की मला मुद्दाम सांगायची, दत्तानं गाय घेतली, दत्तानं घरावर पत्रा टाकला. एकदा आली ती पेढे घेऊनच. कान्ह्याच्या खोऱ्यातली मुलगी बघितली होती, सुपारी फुटली होती. "पोरगी चांगली हाय. माज्यावानी बडबडी न्हाई," म्हणाली.

त्याच पावसाळ्यात आमच्याकडे बंगले फोडणारी टोळी आली. ही नळ नेणारी नव्हती. टीव्ही, दागिने, एका ठिकाणी म्हाताऱ्या राखणदाराचं डोकं फोडलेलं. वर्तमानपत्रांत रोज आमच्या ठाण्याची बदनामी, वरून रोज फोन. साहेब नवीन होते. वाईट नव्हते, पण घाईत होते. दत्ता राखण करायचा त्याच्या शेजारचाच बंगला फुटला. रात्रभर वीज नव्हती, त्यामुळे तिथल्या कॅमेऱ्याची पहाटे वीज आल्यानंतरची एकच चित्रफीत मिळाली. पहाटेचा अंधुक उजेड, धो धो पाऊस, प्लास्टिकचा कागद डोक्यावरून घेतलेला एक माणूस फाटकाशी वाकलाय. चेहरा अजिबात दिसत नाही. तो बराच वेळ वाकून काहीतरी करतो आणि निघून जातो. साहेबांनी ती सगळ्या पाटलांना पाठवली. खाली दोनच शब्द होते, हा कोण.

काकीचं उत्तर लगेच आलं. दत्ता.

तिला तो दिसला होता, यात शंका नाही. त्या वाकण्यात, तार गुंडाळून टोक आत मुडपणाऱ्या हातांत तिला तो स्वच्छ दिसला. नियमाप्रमाणे तिने नाव घेतलं. आणि नियमाप्रमाणेच ती त्याच्या दारात गेली, जेवलास का विचारलं, तो भाकरी खाईपर्यंत ओसरीवर बसली आणि त्याला घेऊन चालत निघाली. वाटभर ती त्याला बोलत होती. असं करायला नको होतंस, ती पोरगी काय म्हनंल, तुज्या बापाला काय वाटलं आसतं. दत्ता एक शब्दही बोलला नाही. हे सगळं मला नंतर तिनेच सांगितलं, कितीतरी वेळा, आणि प्रत्येक वेळी एवढ्यावर येऊन ती थांबायची.

आत साहेबांनी विचारलं तेव्हा दत्ता बोलला. दार उघडं होतं, बाहेर बाकावर सगळं ऐकू येत होतं. पहाटे डेअरीला दूध घालायला चाललो होतो, असं तो म्हणाला. त्या बंगल्याचं फाटक सताड उघडं दिसलं. गुरं शिरली असती, म्हणून ओढून घेतलं. कुलूप तुटलेलं होतं, म्हणून तार गुंडाळली.

साहेब हसले. "दुसऱ्याच्या फाटकाला तार कोण बांधत बसतं रे, भर पावसात?"

मी काकीकडे पाहिलं. तिच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली होती. तिला त्या क्षणी कळलं होतं, आणि तिला कळलं हे मला कळलं. ती उठून सरळ आत गेली. साहेबांच्या परवानगीशिवाय ती आत गेल्याची तेवढी एकच वेळ. "सायेब, तो खरं बोलतुय. त्यानं निस्तं फाटक लावलंय."

"काकी, तुम्हीच ओळखलंत ना त्याला?"

"व्हय. तुमी मला कोन इचारलं, मी सांगितलं. काय करतुय ते इचारलं न्हाई तुमी."

"आणि मागच्या वेळेलाही तुम्हीच. याच तारेवरून." साहेबांनी जुनं प्रकरण वाचलेलं होतं. "तेव्हा तार बांधणारा चोर होता, आणि आज तार बांधणारा भला माणूस. मी वरती काय सांगू?"

 याचं उत्तर मला आजतागायत सुचलेलं नाही. साहेबांना एक माणूस हवा होता, आणि नावावर आधीची शिक्षा असलेला माणूस समोर होता. कायद्याने जे करायचं ते त्यांनी केलं. दत्ताला कोठडी मिळाली, पुढे तुरुंग. त्याला जिल्ह्यातून तडीपार करावं असा कागदही निघाला. बंगलेवाल्याने दुसरा माणूस ठेवला. मुलीकडच्यांनी सोयरीक मोडली. गाय काकीने आपल्या गोठ्यात आणून बांधली.

काकी रोज यायची. दत्ता आमच्याकडे नव्हताच, तरी यायची. साहेबांच्या खोलीसमोरच्या बाकावर बसायची. पिशवीत लसूण नसायचा. वडगावला तारीख असली की तिथे. वकील तिनेच दिला. साहेब तिला टाळून मागच्या दाराने जायला लागले, तर ही मागच्या दाराशी. मला तिचा धाकच वाटायला लागला होता. मी तिला घरी जा म्हटलं की म्हणायची, "मी आनलंय त्याला." पुढचं अर्धं वाक्य आता म्हणायची नाही.

पुढे दुसऱ्या तालुक्यात ती टोळी सापडली. सगळ्या मालासकट, आमच्या हद्दीतल्या चोऱ्यांच्या कबुलीसकट. मागची भिंत चढून आत शिरले होते आणि जाताना पुढच्या फाटकाचं कुलूप तोडून ते उघडं टाकून गेले होते, हेही त्यांनीच सांगितलं. दत्ताचा शब्द न् शब्द खरा निघाला. तडीपारीचा कागद बारगळला, दत्ता सुटला. माफी मागायची पद्धत आमच्या खात्यात नाही.

सुटायच्या दिवशी मी काकीबरोबर गेले. रजा टाकून गेले. काकीने त्याला नवा सदरा आणला होता, डब्यात इंद्रायणीचा भात आणि त्याच्या आवडीची सुकटाची चटणी. दत्ता बाहेर आला, वाळला होता. काकीला पाहून थांबला. काकीने तोंड उघडलं, पण तिचा तो नेहमीचा प्रश्न काही तिला विचारता येईना. नुसती डबा पुढे करून उभी राहिली.

"तू जा काकी," तो म्हणाला. रागाने नाही, अगदी हळू. "मला वाट ठावं हाय."

आणि तो गेला. सावरवाडीला नाही. पुढे कळलं, तळेगावजवळ एका कारखान्याच्या गोदामात ठेकेदाराकडे लागलाय, तिथेच चार पोरांत खोली घेऊन राहतो. काकी त्याला आणायला गेली, रिकामी आली. पुन्हा गेली, पुन्हा रिकामी आली. एकदा मला म्हणाली, तुमी चला बाई, तुमचं ऐकंल. माझं कशाला ऐकेल तो, पण गेले.

गोदामाच्या बाहेर एका टपरीवर आम्ही बसलो. दत्ताने आम्हा दोघींना चहा पाजला, गाईची चौकशी केली. बोलणं असं सरळ चाललं होतं की मला आशा वाटायला लागली. मग काकी म्हणाली, "दत्ता, मी नाव घेतलं तुजं. चुकलं माजं. चल आता घरी."

"नाव घेतलंस त्याचं कायबी न्हाई, काकी. मीच होतो की त्यात." तो कपाकडे बघत बोलत होता. "पर एवडी वाट चाललो आपून. जेवलास का, म्हनून इचारलंस. केलंस का, म्हनून न्हाई इचारलंस."

 टपरीवाला कप उचलून घेऊन गेला. गोदामाची घंटा झाली तसा दत्ता उठला. जाताना जरा हसून म्हणाला, "हितं बी लय फाटकं हायती. उगडं दिसलं तरी मी हात लावत न्हाई आता."

परतीच्या गाडीत काकी खिडकीशी बसली होती. कामशेत आलं तेव्हा म्हणाली, "एवडंच इचारायचं ऱ्हायलं बगा." तळेगावची ती तिची शेवटची फेरी.

नंतर तिने पोलीस पाटीलकी सोडली. मुदत बाकी होती, साहेबांनी थांबा म्हटलं. तिने ओळखपत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि छत्री टेकत निघून गेली. त्यानंतर आमच्या चित्रफितींवर नुसती वाटतंयवाल्यांची उत्तरं यायची.

मी निवृत्त झाल्यावर तिला भेटायला गेले ती आमची शेवटची भेट. थंडीची सुरुवात होती. काकी ओसरीवर उन्हात पाय पसरून बसली होती, बरीच खंगलेली. अंगणाचं फाटक सताड उघडं होतं आणि कुणाचं तरी वासरू तिच्या कोथिंबिरीच्या वाफ्यात निवांत चरत होतं. मी त्याला हाकलायला धावले. काकी जागची हलली नाही. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. आमच्या नव्या साहेबांची तिने चौकशी केली, माझ्या गुडघ्यांना तेल सांगितलं. दत्ताचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. निघताना सवयीने मी फाटक ओढून घेतलं, तर ओसरीवरून हाक आली.

"बाई, ऱ्हाऊ द्या ते उगडंच."

"काकी, वाफा उरायचा नाही की."

"न्हाई उरला तर न्हाई." तिने डोळ्यांवर हाताची सावली धरून माझ्याकडे, का माझ्या पलीकडे रस्त्याकडे पाहिलं. "तो आला आन् फाटक लावल्यालं दिसलं, तर दारातनंच फिरंल."

मी फाटक पुन्हा उघडं केलं. वळणावरून मागे पाहिलं तेव्हा ते वासरू परत आत शिरत होतं, आणि काकी तशीच डोळ्यांवर हाताची सावली धरून बसली होती.

त्याच थंडीत तिला तापाने धरलं आणि तो उतरलाच नाही. मला कळेपर्यंत सगळं उरकलं होतं. तेराव्याला मी गेले. अंगणात पंगत बसली होती. निम्म्याहून जास्त चेहरे माझ्या ओळखीचे होते, म्हणजे आमच्या ठाण्यातल्या बाकावर बसून गेलेले. कुणी वाढत होतं, कुणी पाणी देत होतं. एवढे सराईत एका जागी, आणि पोलीस म्हणून नुसती मी, तीही निवृत्त.

दत्ता सगळ्यांत उशिरा आला. फाटकाबाहेर रस्त्यावर उभा राहिला. कारखान्याचा निळा सदरा अंगावर, कामावरून तसाच आला असावा. गावाने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पानावर माना घातल्या.  मी उठून गेले. त्याला काय सांगायचं, हे सगळं मी मनात जुळवून ठेवलं होतं, की काकी असं म्हणायची, काकीनं इतकी वाट पाहिली. त्याच्यासमोर उभी राहिले आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"जेवलास का?"

त्याने मान हलवली. नाही. मग आत आला, पंगतीच्या टोकाला बसला आणि खाली मान घालून जेवला. पानात काही टाकलं नाही. उठून हात धुतले, काकीच्या फोटोपुढे जाऊन उभा राहिला, गोठ्यात जाऊन गाईच्या पाठीवरून हात फिरवला.

लोक पांगले होते. मी ओसरीवर, काकी बसायची तिथे बसले होते. दत्ता फाटकातून बाहेर पडला, चार पावलं गेला आणि थांबला. रस्त्याने दुसऱ्या कुणाची गुरं परत येत होती. त्याने मागे वळून वाफ्याकडे पाहिलं. त्यात खुंटांशिवाय काही नव्हतं. तरी तो माघारी आला. फाटक ओढून घेतलं, कडी घातली, कुंपणाला लोंबणारी तार सोडवली आणि वाकून ती गुंडाळत बसला. बराच वेळ बसला. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण मला तो दिसत होता, आणि मला रडू आवरेना. हे बघायला ती हवी होती. तारेचं टोक त्याने आत मुडपलं, अंगठा फिरवून लागत नाही ना ते पाहिलं, आणि गुरांना वाट देत स्टेशनच्या रस्त्याला लागला.